काचेच्या टाकीतील मासे व त्यांच्या पाण्याची शुद्धी

अलीकडे आपल्या जालना जिल्ह्यातील बागाईतदार मंडळींच्या घरी दिवाणखान्यात काचेची टाकी ठेवून तीत रंगीत मासे पाळण्याचा प्रघात पडत चालला आहे. शहरातील दुकानी टाकी, मासे, दिवा व रंगीत खडे एकाच ठिकाणी मिळतात, आणि मुलांच्या आग्रहाखातर हे सर्व सामान एका दिवसात घरी येऊन त्याच सायंकाळी मासे पाण्यात सोडले जातात. पहिला आठवडा आनंदात जातो. दुसऱ्या आठवड्यात मासे पाण्याच्या वरच्या थरास येऊन तोंड उघडझाप करू लागतात, आणि महिना भरण्यापूर्वी बहुतेक सर्व मासे मरतात. मग रिकामी टाकी माळ्यावर जाते. अशा टाक्यांचा उपयोग ज्वारीचे बी ठेवण्याकडे केलेला आम्ही दोन-तीन घरी पाहिला आहे.

कारण विचारले असता कोणी म्हणतो माशांस पाणी मानवले नाही, कोणी म्हणतो दुकानदाराने रोगट मासे दिले, घरातील वडीलधारी माणसे दृष्ट लागल्याचे सांगतात. रोगट मासे विकले जात नाहीत असे आमचे म्हणणे नाही. परंतु दहा-पंधरा दिवसांनी होणाऱ्या या मरणाचे कारण बहुतांशी एकच असते, व ते पाण्यातच असते. चमत्कार असा की, मासे मरतात त्या दिवशीही ते पाणी डोळ्यांस नितळ दिसते.

नितळ पाणी व शुद्ध पाणी या दोन वस्तू भिन्न आहेत, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यात गढूळ पाणी आले म्हणजे रांजणात निवळीचे बी उगाळण्याची किंवा तुरटी फिरविण्याची जुनी रीत आहे. त्याने माती तळाशी बसते व पाणी निवळते. परंतु पाण्यात विरघळलेली वस्तू त्याने निघत नाही. मीठ विरघळलेले पाणीही नितळच असते. माशांच्या टाकीत जे विष साठते ते असेच विरघळलेले असते, व त्याचे नाव अमोनिया. मासा खाद्य खातो, त्यातील नत्राचा मोठा भाग तो कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. न खाल्लेले खाद्य व विष्ठा तळाशी कुजून त्यात आणखी भर पडते. नदीत किंवा मोठ्या तळ्यात हा अमोनिया अफाट पाण्यात पसरून जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा टाकीत काठोकाठ भरले तरी सुमारे ५६ लिटरच पाणी मावते, आणि तळाची वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता ५० लिटरही राहत नाही.

आमचा जन्म महसुली दप्तरात गेला असल्यामुळे आम्हांस जमाखर्चाचाच दाखला सुचतो. टाकीच्या खात्यावर रोज अमोनिया जमा होतो. खर्ची घालणारा कोणी नसेल तर शिल्लक रोज वाढणारच, आणि एका मर्यादेपलीकडे ती शिल्लक माशांच्या जिवावर उठते. तेव्हा पाणी शुद्ध करण्याची योजना म्हणजे हा अमोनिया रोजच्या रोज खर्ची टाकण्याची व्यवस्था होय. काडीकचरा गाळणे हे त्यातील अगदी गौण काम आहे.

येथे आपल्या वाचकांचा एक गैरसमज होण्याचा संभव आहे. ज्यांच्या मोसंबीच्या किंवा द्राक्षांच्या बागेस ठिबक सिंचन आहे, त्यांस सॅण्ड फिल्टर व जाळीचा फिल्टर यांची चांगली माहिती असते. कडवंचीसारख्या गावी शेततळ्याचे पाणी याच रीतीने गाळून द्राक्षबागेस दिले जाते. फिल्टर तुंबला की उलट्या पाण्याने तो धुवावा, जितका स्वच्छ तितका चांगला, असा तेथील नियम आहे व तो तेथे बरोबरही आहे. कारण त्या फिल्टरचे काम ठिबकच्या छिद्रात कचरा जाऊ न देणे एवढेच असते. माशांच्या टाकीचा फिल्टर दिसावयास तसाच असला तरी त्याचे खरे काम वाळू किंवा स्पंज करीत नाही. ते काम त्यांच्या अंगावर बुळबुळीत थर करून राहणारे सूक्ष्म जंतू करतात. ठिबकच्या फिल्टरप्रमाणे हा फिल्टर स्वच्छ घासून धुणारा मनुष्य स्वतःच्या हाताने आपले कामकरी हाकलून लावतो.

हे जंतू शेतकऱ्यास अपरिचित नाहीत. आपण शेतात शेणखत घालतो किंवा युरिया देतो, तेव्हा त्यातील नत्राचा प्रथम अमोनिया होतो, मग जमिनीतील एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात व दुसऱ्या जातीचे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पिकाच्या मुळ्या नत्र मुख्यत्वे याच शेवटच्या रूपात घेतात. टाकीत हाच व्यवहार घडतो. अमोनिया माशास विषारी, नायट्राइटही विषारी. कारण ते रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. नायट्रेट मात्र पुष्कळ साठेपर्यंत माशास फारसे बाधत नाही. थोडक्यात, टाकीचा फिल्टर म्हणजे एका डब्यात भरलेले मूठभर जिवंत शेत आहे.

हा शोध लागला तोही पाणी शुद्ध करण्याच्या खटपटीतूनच. १८७७ साली फ्रान्स देशात श्लेझिंग व म्युंझ या दोघांनी एका काचेच्या लांब नळीत वाळू व चुनखडीची पूड भरून तीतून गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली उतरत राहिला. तदनंतर तो नाहीसा होऊन नायट्रेट येऊ लागले. हे केवळ रसायनाचे काम असते तर पहिल्या दिवशीच झाले असते. पुढे त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच काम बंद पडले, व पुन्हा थोडे मातीचे पाणी घालताच काही काळाने सुरू झाले. यावरून ते सजीवांचे काम आहे हे सिद्ध झाले. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जंतू वेगळे काढून दाखविले.

याच इतिहासात एका बापलेकांची गोष्ट आहे. लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ साली बारा गॅलनच्या पात्रात दोन लहान सोनमासे, पाणवनस्पती व गोगलगायी ठेवून पाणी न बदलता ते जगविण्याचा प्रयोग केला, व १८५० साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. घरगुती मत्स्यपात्राची विद्या बरीचशी तेथून सुरू होते. वनस्पती प्राणवायू देतात व गोगलगायी कुजलेली पाने खातात, एवढे त्यांनी ओळखले. परंतु वाळूतील जंतू त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. त्यांचा त्याच नावाचा मुलगा पुढे रॉथॅमस्टेड येथील प्रसिद्ध शेती प्रयोगक्षेत्रावर रसायनज्ञ झाला, आणि शेतजमिनीत अमोनियाचे नायट्रेट दोन टप्प्यांत व दोन निरनिराळ्या जंतूंकडून होते हे दाखविण्यात त्याचा मोठा वाटा होता. बापाच्या काचपात्रातील उणी राहिलेली बाब मुलाने शेतात शोधून काढली असे म्हणावयास हरकत नाही.

आता प्रत्यक्ष योजनेकडे वळू. ५० लिटरच्या टाकीस सर्वांत स्वस्त व भरवशाचा फिल्टर म्हणजे स्पंजचा. हवेच्या लहान पंपाची नळी स्पंजच्या मध्यातील उभ्या नळीत सोडलेली असते. बुडबुडे वर चढताना आपल्याबरोबर पाणी उचलतात, व त्या जागी स्पंजमधून नवे पाणी ओढले जाते. त्यामुळे पाणी जंतूंवरून फिरते व त्यात प्राणवायूही मिसळतो. विजेचा खर्च अगदी थोडा. अधिक मासे ठेवावयाचे असल्यास घरीच वरचा फिल्टर करावा. प्लॅस्टिकच्या आयताकार डब्यास एका टोकाच्या तळाशी छिद्रे पाडून तो टाकीच्या काठावर बसवावा. टाकीत तासाला दोनशे लिटर, म्हणजे पाण्याच्या चौपट, उचलणारा लहान पंप सोडून त्याचे पाणी डब्याच्या दुसऱ्या टोकास आणावे. पाणी पडते तेथे प्रथम स्पंज ठेवावा, म्हणजे कचरा तेथे अडेल. पुढे जुन्या, रंग न दिलेल्या कौलाचे सुपारीएवढे तुकडे धुऊन भरावे. पाणी तुकड्यांतून वाहत जाऊन छिद्रांतून धारेने टाकीत पडते.

तुकडेच का, असे कोणी विचारील. एक इंच बाजूच्या चौकोनी खड्याचा पृष्ठभाग सहा चौरस इंच असतो; त्याचेच अर्ध्या इंचाचे आठ खडे केले तर पृष्ठभाग बारा चौरस इंच होतो. जंतू पृष्ठभागावर राहतात, सबब जागा दुप्पट झाली. भाजलेल्या मातीचे कौल सच्छिद्र असल्याने लाभ आणखी वाढतो. तुकडेबंदीच्या कायद्याची टिपणे लिहिण्यात आमची पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. येथे मात्र जितके तुकडे अधिक तितके हित अधिक. तथापि फार बारीक केल्यास ते तुंबतात, म्हणून सुपारीचे माप सोडू नये. टाकीच्या तळाशी दोन बोटे जाडीची, पाणी नितळ येईतो धुतलेली जाड वाळू घालावी. टाकी मात्र भक्कम बैठकीवर पाहिजे. पाणी, वाळू व काच मिळून वजन ६० किलोच्या वर जाते.

यापुढे पाण्याचा प्रश्न. आपल्या जिल्ह्यात तो सर्वांत बिकट, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. नळाच्या पाण्यात जंतुनाशासाठी क्लोरीन असते; गावोगावी ग्रामपंचायती पाण्यात टीसीएल पावडर टाकतात तीही तीच वस्तू. मनुष्यास ते पाणी हितकर; परंतु माशाचे कल्ले त्याने भाजतात आणि फिल्टरमधील जंतूही मरतात. असे पाणी घंगाळासारख्या पसरट भांड्यात दिवस-रात्र उघडे ठेवून, अधूनमधून ढवळून मगच टाकीत घालावे. घाई असल्यास मत्स्यविक्रेत्याकडे मिळणारे हायपोचे खडे बरोबर दिलेल्या प्रमाणात वापरावे.

विहिरीच्या व बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, परंतु बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी व कर्बवायू अधिक असतो. तेही एक रात्र उघडे ठेवावे किंवा त्यात हवेची नळी सोडावी. काळ्या पाषाणातून येणारे आपले पाणी बहुधा जड असते. जडपणाची भीती बाळगू नये. जंतू अमोनियाचे रूपांतर करताना पाण्यातील चुन्याचा अंश खर्ची पडतो, आणि जड पाण्यात तो मुबलक असल्यामुळे काम अडत नाही. गप्पी, मॉली व प्लॅटी या जातींस तर जड पाणीच मानवते. मात्र जड पाण्याचा सामू बहुधा ८ च्या आसपास असतो, व तेथे एक धोका आहे. सामू ७ असता पाण्यातील एकंदर अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी वायुरूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. चुनखडीच्या जमिनीवर युरिया नुसता फेकला तर त्यातील नत्र हवेत उडून जाते हे आपण जाणतोच. त्यामागेही हेच कारण आहे. म्हणून आपल्या पाण्यात अमोनिया साठू न देण्याची काळजी इतरांपेक्षा दसपट घेतली पाहिजे.

कित्येक हौशी गृहस्थ जारचे आरओचे पाणी विकत आणून टाकीत ओततात. पैसा खर्च केला म्हणजे माशांचे भले होते असे नाही. त्या पाण्यातील क्षार बहुतांशी काढून टाकलेले असतात. नुसत्या अशा पाण्यात जंतूंच्या कामास आधार राहत नाही व सामू एकाएकी घसरतो. शिवाय ते पाणी तयार करताना बरेच पाणी वाया जाते, ते वेगळेच. तुरटीचा प्रयोगही टाकीत करू नये.

पाणी भरले व फिल्टर सुरू केला म्हणजे मासे आणावे काय? नाही. हेच मुख्य सांगणे आहे. रान तयार केल्याशिवाय आपण बी टाकीत नाही. श्लेझिंग व म्युंझ यांच्या नळीस जसे वीस दिवस लागले, तसे घरच्या टाकीस चार ते सहा आठवडे लागतात. या काळात फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवून माशाचे चिमूटभर खाद्य रोज टाकावे. ते कुजून अमोनिया होतो व त्यावर जंतू वाढतात. ज्याची टाकी जुनी व निरोगी आहे अशा स्नेह्याकडून त्याच्या फिल्टरमधील स्पंजचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये घातला तर विरजण लावल्याप्रमाणे काम लवकर होते. शेततळ्यातील गोटे आणून टाकण्याची युक्ती काही जण करतात. त्याबरोबर माशांचे रोग व फवारणीचे अंश येण्याचा धोका असल्यामुळे आम्ही ती सुचवीत नाही.

घरात युरियाची गोणी असताना खाद्याची चिमूट कशाला, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे साहजिक आहे. तो मोह कटाक्षाने टाळावा. युरियात ४६ टक्के नत्र असते. एकच ग्रॅम युरिया ५० लिटर पाण्यात पडला व त्याचा सर्व अमोनिया झाला, तर दर लिटरमागे नऊ मिलिग्रॅमहून अधिक नत्र होते. मासे मरण्यास याहून पुष्कळ कमी पुरे होते. आणि चिमटीने एक ग्रॅम मोजणारा हात आम्ही पाहिला नाही.

अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे लहान संच मत्स्यविक्रेत्यांकडे मिळतात. दोन्ही शून्य व नायट्रेट दिसू लागले म्हणजे रान तयार झाले असे समजावे. मग दोन-तीन मासे सोडावे, आठवडा-दोन आठवड्यांनी आणखी दोन-तीन. ५० लिटरच्या टाकीस आठ-दहा गप्पी पुरे. सोनमासा दिसावयास सुंदर, पण घाण फार करतो व मोठा होतो. लहान टाकीत तो ठेवू नये. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. पाहुणा आला की त्याच्या मुलास मासे दाखविताना पुन्हा खाद्य टाकले जाते, याकडे घरातील कर्त्या माणसाने लक्ष द्यावे. मासे दाखल झाल्यावर कधी नायट्राइट चढलेच, तर चतुर्थांश पाणी बदलून दर लिटरास एक ग्रॅम साधे मीठ विरघळवून घालावे. मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइट माशाच्या रक्तात शिरण्यास अटकाव होतो.

स्पंज तुंबला, पाण्याची धार मंदावली, तर टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच तो दोन-तीनदा दाबून पुन्हा बसवावा. नळाखाली धरू नये, साबण लावू नये, उन्हात वाळवू नये. स्पंज व कौलाचे तुकडे एकाच दिवशी कधीही हलवू नयेत. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत घरच्या मंडळींनी टाकी आरशासारखी घासून काढली आणि आठ दिवसांत मासे गेले, असे प्रकार आमच्या ऐकण्यात वारंवार येतात.

हे जंतू प्राणवायूवर जगतात. अमोनियातील एक मिलिग्रॅम नत्राचे नायट्रेट होण्यास सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंश उष्णतेस लिटरात सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर ३० अंशास साडेसात. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीपलीकडे जातो, आणि त्याच दिवसांत वीजही जाते. सबब टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, व बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घरात असावा. वीज नसेल त्या वेळी खाद्य देऊ नये. वीज फार तास गेली व बंद डब्याच्या फिल्टरमधून कुजका वास येऊ लागला, तर आतले पाणी टाकून, तुकडे टाकीच्या पाण्याने विसळून मगच पंप सुरू करावा. उघड्या टाकीतील स्पंजचा फिल्टर या संकटात अधिक टिकतो, म्हणून खेड्यात तोच बरा.

शेतकऱ्याच्या घरी एक जास्त धोका असतो, जो शहरातील मत्स्यप्रेमींच्या पुस्तकात फारसा लिहिलेला नसतो. कपाशीवर फवारावयाचे सायपरमेथ्रिनसारखे औषध माशास अत्यंत जहाल असते. फवारणी करून आलेल्या हाताने टाकीत बोट जरी बुडविले तरी अनर्थ होतो. मोसंबीच्या झाडांस बोर्डो मिश्रण लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मोरचुदातील तांबे मासे व गोगलगायी दोघांसही मारते. त्या कामाची बादली टाकीच्या पाण्यास कधीही वापरू नये. टाकीची बादली वेगळी, तिच्यावर खूण करून ठेवावी. हवेचा पंप खोलीतील हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणून त्या खोलीत डासांचे औषधही फवारू नये.

शेवटचा आक्षेप आम्ही स्वतःच घेतो, कारण टंचाईच्या काळात टँकरच्या खेपांची टिपणे आम्ही हाताने लिहिली आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात अत्यंत होरपळलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. जेथे माणसे हंड्यासाठी रांगेत उभी राहतात तेथे मासे पाळावे काय? आमचे मत असे की, घरात प्यावयाचे पाणी पुरत नसेल त्या वर्षी टाकी नवी मांडू नये. परंतु मांडलेली टाकी नीट चालविली तर तिला पाणी फार लागत नाही. नायट्रेट काढण्यासाठी आठ-दहा दिवसांनी चतुर्थांश, म्हणजे बारा लिटर, पाणी बदलावे लागते. मासे कमी ठेवले, खाद्य हात आखडून दिले, आणि मनी प्लांटच्या वेलाची मुळे फिल्टरच्या डब्यात सोडली, तर वेल ते नायट्रेट शोषून घेतो व बदल लांबविता येतो. पान वर, मूळ पाण्यात, अशी व्यवस्था ठेवावी.

मात्र केवळ उडालेल्या पाण्याची भर घालीत राहणे बरे नव्हे. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात, व दर वेळी जड पाणी घातले की क्षारांत भर पडते. निचरा नसलेली जमीन कालव्याच्या पाण्याने क्षारपड होते तसेच हे. म्हणून उडालेल्या पाण्याची भर पावसाळ्यात पत्र्यावरून धरून, झाकून ठेवलेल्या पाण्याने करावी. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, त्यात पत्र्यावरील धूळ असते. दोन रांजण साठविले तर एका टाकीस पुष्कळ दिवस पुरतात. पाणी बदलताना मात्र नेहमीचे जड पाणीच वापरावे, म्हणजे चुन्याचा अंश टिकतो.

गप्पी मासे झपाट्याने वाढतात. जादा झालेले मासे नदीनाल्यात सोडू नयेत. ते परदेशी आहेत व तेथील मूळच्या माशांस त्रासदायक होतात. शेजाऱ्यांच्या वापराच्या पाण्याच्या हौदात ते अवश्य द्यावे. डासांच्या अळ्या ते खातात, व त्याच कारणासाठी आरोग्य खातेही ते साठवणीच्या पाण्यात सोडीत असते.

टाकीतून काढलेले बारा लिटर पाणी मोरीत ओतू नये. त्यात जंतूंनी तयार केलेले नायट्रेट व माशांची विष्ठा असते. कढीपत्ता, पालक, मेथी, दारची पपई यांच्या बुडाशी ते आळीपाळीने घालावे. ज्या आठवड्यात त्यात मीठ घातले असेल त्या आठवड्यापुरते झाडांस देऊ नये.